विनाफ्लोराईड टूथपेस्ट: दहा महिने वापरली, मग सोडली

मागच्याच्या मागच्या दिवाळीत घरात सगळ्यांसाठी लवंग-कडुनिंबाची, फ्लोराईड नसलेली टूथपेस्ट आणली. त्याला कारण आत्याचं घर. आत्या विजयपूरकडं, इंडी तालुक्यात दिलेली. बोअरचं पाणी पिऊन वाढलेल्या तिच्या दोन्ही पोरांच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत, कितीही घासा, जात नाहीत. हे फ्लोराईडनं होतं एवढं लहानपणापासून ऐकलेलं. मग तेच रोज पोरांच्या तोंडात कशाला घालायचं, असं वाटलं.

पेस्ट वापरायला चांगली होती. फेस कमी, आग नाही, वास छान. माझ्या हिरड्यांतून अधूनमधून येणारं रक्तही थांबलं, म्हणून शेजारणींनाही घ्यायला लावली. आज ते श्रेय मी पेस्टला देणार नाही. नव्या उत्साहात आम्ही दोन्ही वेळा, दोन-दोन मिनिटं घासायला लागलो होतो. दातावरचा थर नीट निघाला की हिरड्या सुधारतात, पेस्ट कुठलीही असो.

श्रावणात मुलाचा ओठ वर करून बघितला. सात वर्षांचा आहे, वरचे पुढचे दोन पक्के दात नुकतेच आलेले. हिरडीला लागून खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ होती. दात ओला असला की दिसायची नाही, कापसानं पुसला की उठून दिसायची. टिळकवाडीतल्या दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही किडीची सुरुवात. खड्डा नाही पडलेला, म्हणजे अजून भरून येऊ शकतं. पेस्ट कुठली वापरता?"

त्यांनी समजावलं ते असं. गोड खाल्लं की तोंडातले जंतू त्याचं आम्ल करतात. पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातलं कॅल्शियम सुटायला लागतं, नंतर लाळ ते परत भरते. फ्लोराईड असेल तर ही भरणी लवकर होते आणि नवा थर साधारण ४.५ पर्यंत तग धरतो. नुकत्या आलेल्या दाताचं कवच कच्चं असतं, त्याला ही मदत जास्तच लागते. लवंग-कडुनिंब हे काम करत नाहीत. आमच्या एका घराचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे मलाही कळतं. पण मुलांवरच्या चाचण्या एकत्र तपासणारा, कॉक्रेन या संशोधन-संस्थेचा २००३ चा आढावा आहे, त्यात फ्लोराईड पेस्टनं कीड सरासरी २४ टक्के कमी झालेली दिसते. हायड्रॉक्सीॲपेटाइटच्या (दाताचं कवच ज्या खनिजाचं असतं, त्याच्या) विनाफ्लोराईड पेस्टचे काही चाचण्यांतले निकाल फ्लोराईडच्या जवळपास आले आहेत, पण आपल्याकडं किराणा दुकानात 'नैसर्गिक' म्हणून मिळतात त्या या नव्हेत.

आणि आत्याच्या पोरांचे पट्टे? ते दात हिरडीच्या आत तयार होत असताना, पोटात गेलेल्या फ्लोराईडनं पडतात. पिण्याच्या पाण्यात फ्लोराईडची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम, आणि पाणी सगळंच पोटात जातं. पेस्टमध्ये आपल्याकडं १००० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराईड चालतं, म्हणजे वाटाण्याएवढ्या पेस्टमध्ये जेमतेम पाव मिलिग्रॅम, तेही बहुतेक थुंकूनच जातं. बेळगावात आमच्या नळाला तर धरणाचं पाणी येतं. आत्याला फोन करून हेच सांगितलं, बदलायचं ते पाणी, पेस्ट नव्हे.

आता ट्यूबवरचा पीपीएमचा आकडा वाचूनच पेस्ट घेते. मुलाला वाटाण्याएवढी, दोन वर्षांच्या धाकटीला तांदळाच्या दाण्याएवढी, आणि ती मी स्वतः लावते. घासल्यावर नुसतं थुंकायचं, खळाखळा चुळा भरायच्या नाहीत. आमच्या घरात सगळ्यांत अवघड हेच गेलं. सासूबाई अजून तांब्याभर पाण्यानं चुळा भरल्याशिवाय हलत नाहीत.

संक्रांतीला मुलाला पुन्हा खिडकीपाशी उभं करून दात पुसून बघितले. उजव्या दातावरची रेघ पुसट झाली आहे, कडेला चकाकी आली आहे. डाव्यावरची तशीच आहे, पण खड्डा नाही. पुढची तपासणी होळीनंतर आहे.