पुढच्या डिफरन्शियलसाठी पाकिटातलं ७५डब्ल्यू-९०: घ्यावं की नाही?

पिकअप ट्रकच्या पुढच्या डिफरन्शियलचं (इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइल काढणं सोपं, भरताना मात्र घाम फुटतो. फिलर प्लगचं भोक आडवं, वर क्रॉसमेंबर, बाजूला ड्राइव्ह शाफ्ट, आणि साधी बाटली उलटी करायला वीतभर जागा नाही. म्हणून लांब चोचीच्या लवचीक पाकिटात मिळणारं सिंथेटिक गिअर ऑइल (व्हॅल्व्होलिनचं फ्लेक्सफिल हा त्यातला ओळखीचा प्रकार) घेताना ऑइलइतकंच पाकीटही पारखावं लागतं. दीड-दोन लिटरच्या हाउसिंगला हे पाकीट जरूर घ्या. त्याहून मोठ्या एक्सलला बाटली आणि हातपंपच बरा.

आधी ऑइल. ग्रेडमधल्या ७५डब्ल्यूचा अर्थ असा, की उणे ४० अंश सेल्सिअसलाही ऑइलची विस्कॉसिटी (दाटपणा) १,५०,००० सेंटिपॉइजच्या वर जात नाही. ८०डब्ल्यूला हीच मर्यादा उणे २६ अंशांना लागू होते. पुढचा ९० हा आकडा १०० अंशांवरचा, तिथे किमान १३.५ सेंटिस्टोक (दाटपणाचंच दुसरं माप) हवेत. म्हणजे गरम झाल्यावर ७५डब्ल्यू-९० आणि ८०डब्ल्यू-९० एकाच पट्ट्यात येतात, मुख्य फरक थंडीतला. फ्री-व्हील हब (चाक शाफ्टपासून मोकळं करण्याची सोय) असलेल्या गाडीत हब मोकळे असताना पुढचं क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी) फिरतच नाही, ऑइल थंडच राहतं. कडाक्याच्या थंडीत फोर-व्हील लावल्याबरोबर ते पिनियनच्या बेअरिंगपर्यंत पोचायला हवं, तिथे सिंथेटिकचे पैसे वसूल होतात. उष्ण हवेत, फोर-व्हील क्वचितच लागणाऱ्या गाडीला चांगलं मिनरल ८०डब्ल्यू-९० पुरतं, अर्थात मॅन्युअलमध्ये तो ग्रेड दिलेला असेल तर. जास्तीचे पैसे मागच्या डिफरन्शियलवर घाला, ओझं ते ओढतं. काही गाड्यांना ७५डब्ल्यू-८५ किंवा ७५डब्ल्यू-१४० लागतं. तिथे हे पाकीट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

पाकिटावर जीएल-५ (जास्त दाबाच्या गिअरसाठीच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलं हवंच. हायपॉइड (दोन्ही गिअरचे आस एका रेषेत नसलेल्या) क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घासत सरकतात. त्या दाबाखाली ऑइलचा थर तुटला तर दात वाचवायला गंधक-फॉस्फरसचं रसायन असावं लागतं. गिअर ऑइलचा तो उग्र वास बराचसा गंधकाचाच. उरलेलं ऑइल मात्र जीएल-४ मागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये ओतू नका, सिंक्रोनायझरच्या (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगांना ते भोवतं. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलचं (एकच चाक जागेवर घसरत फिरू न देणाऱ्याचं) अॅडिटिव्ह बऱ्याच पाकिटांत आधीच घातलेलं असतं. पुढचं डिफरन्शियल बहुतेक ओपनच, म्हणजे तशी सोय नसलेलं असतं, तिथे त्याचा उपयोग नाही आणि अपायही नाही. वेगळी बाटली घेऊन वर ओतणं म्हणजे पैसे वाया.

आता पाकीट. चोच भोकात घालून पाकीट क्रॉसमेंबरवरून आडवं टाकता येतं आणि दोन्ही हातांनी पिळता येतं, हा मोठा फायदा. गैरसोयीही आहेत. एका पाकिटात १ क्वार्ट, म्हणजे ९४६ मिलीलिटर ऑइल. दीड लिटरच्या हाउसिंगला दोन पाकिटं लागतात आणि दुसरं निम्मंच संपतं. शेवटचं ऑइल घड्यांत अडकतं, टूथपेस्टसारखं मागून गुंडाळत आणावं लागतं. फ्रेमच्या धारदार कडेला पाकीट घासलं तर फाटतं, तेव्हा कडेवर आधी चिंधी ठेवा. आणि पाकीट चेपत गेलं की किती ऑइल आत गेलं ते नुसतं बघून कळत नाही. त्यावर सोपा उपाय वजनकाटा: लिटरभर गिअर ऑइल साधारण ८७० ग्रॅम भरतं, आधीचं आणि नंतरचं वजन घेतलं की हिशेब लागतो. थंडीत पिळून हात दुखतात. पाकीट दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवलं की धार मोकळी होते.

काम सुरू करताना नियम एकच: आधी फिलर प्लग सोडवा, मग ड्रेन. फिलर गंजून अडकलेला निघाला आणि खालून सगळं ऑइल सोडून दिलेलं असेल, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. कित्येक पिकअपना १० मिमीची एलन की लागते. प्लगच्या खोबणीतली माती तारेने खरवडून काढा आणि की ठोकून पूर्ण आत बसवा, नाहीतर खोबणीच्या कडा गोल होतात. ऑइल गरम करायला टू-व्हीलमध्ये फेरी मारून फारसं काही साधत नाही, वर सांगितलेल्याच कारणाने. मातीच्या रस्त्यावर फोर-व्हील लावून थोडं चालवा.

गाडी सपाटच हवी. फक्त पुढून जॅक लावून घोडीवर ठेवली तर ऑइल मागे पिनियनकडे सरकतं, आणि भोक पुढच्या कव्हरवर असेल तर पातळी कमी दिसते. मग ज्यादा भरलं जातं, फेस येतो आणि ऑइल ब्रीदरमधून (हाउसिंगमधली हवा ये-जा करण्याच्या वाटेतून) किंवा एक्सलच्या सीलमधून बाहेर पडतं. पातळी भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. काही मॅन्युअल त्याखाली काही मिलीमीटर सोडायला सांगतात. वॉशर नवे लावा आणि टॉर्क मॅन्युअलमधलाच द्या. हाउसिंग अॅल्युमिनियमचं असेल तर अंदाजाने आवळू नका, आटे गेले की हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवण्याचं काम निघतं.

निघालेलं ऑइल फेकण्याआधी बघा. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवरची राखाडी, बोटाला मऊ लागणारी पेस्ट नेहमीचीच. चपटे तुकडे दातांचे किंवा बेअरिंगच्या पृष्ठभागाचे असू शकतात, बारीक सुईसारखे सरळ तुकडे नीडल बेअरिंगचे. असलं काही दिसलं तर नवं महाग ऑइल भरून उपयोग नाही, हाउसिंग उघडावं लागतं. दुधाळ ऑइल म्हणजे पाणी शिरलंय. गरम हाउसिंग ओढ्याच्या थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आक्रसते, ब्रीदर चोंदलेला असेल तर हवेऐवजी सीलमधून पाणी ओढलं जातं. अशा वेळी आधी स्वस्त जीएल-५ भरा, थोडं चालवा, काढा, आणि मग सिंथेटिक घाला. एका फेरीत पाणी पुरतं निघत नाही. इथे दोन महाग पाकिटं घालवणं अंगाशी येतं.

गळतीतही ब्रीदरच आधी तपासा. नळी काढून फुंकून बघा. हवा जात नसेल तर नवं सीलही पुन्हा गळेल. पिनियनचं सील गेलं असेल तर ऑइल फ्लँजभोवती फेकलं जाऊन तळाला आडवी रेघ उमटते. आतल्या सीव्ही जॉइंटपाशी (ड्राइव्ह शाफ्टच्या वळणाऱ्या सांध्यापाशी) ओल दिसली तर बाजूचं सील.

आवाजासाठी ऑइल बदलायला निघालेल्यांनी थोडं थांबावं. वळताना कट-कट येत असेल तर सीव्ही जॉइंट. सतत घुमणारा आवाज एका बाजूला वळताना वाढत असेल तर चाकाचं बेअरिंग. टू-व्हीलमध्ये ठरावीक वेगाला थरथर आणि फोर-व्हील लावताच ती गायब, तर स्वतंत्र सस्पेन्शनच्या काही पिकअपमध्ये साइड शाफ्टचं नीडल बेअरिंग झिजलेलं असतं. रेस दिल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, असं झालं तरच संशय क्राउन-पिनियनवर. पातळी कमी पडून आवाज येत असेल तर ऑइल भरल्यावर तो कमी होईल. झिजलेल्या दातांना कोणतंच पाकीट पुरे पडत नाही.

भरून झाल्यावर फोर-व्हीलमध्ये थोडं चालवा, गाडी सपाट जागी पाच-दहा मिनिटं उभी करा आणि फिलर पुन्हा उघडून पातळी बघा. ऑइल एक्सल ट्यूबमध्ये पसरल्याने ती बरेचदा किंचित खाली गेलेली असते. दुसऱ्या पाकिटात उरलेलं ऑइल तेवढ्यासाठी ठेवा, टोपी घट्ट लावून, चोच वर करून.