डायटोनिक की क्रोमॅटिक: माउथ ऑर्गनचा न दिसणारा खर्च

माउथ ऑर्गन हा स्वस्तातला छंद मानला जातो आणि पहिल्या खरेदीपुरते ते खरेही आहे. पुढचा खर्च मात्र आपण कोणता प्रकार निवडतो यावर ठरतो.

दहा छिद्रांचा डायटोनिक कमी किमतीत मिळतो, पण तो एकाच पट्टीत बांधलेला असतो. शिवाय सी पट्टीच्या वाद्यात खालच्या सप्तकातले एफ आणि ए हे सूर सरळ वाजत नाहीत. श्वास आत ओढताना बेंडिंग करूनच, म्हणजे तोंडाची ठेवण बदलून सूर खाली वाकवूनच, ते काढावे लागतात. हे तंत्र साधेपर्यंत नवशिका गरजेपेक्षा जास्त जोर लावतो, त्यामुळे पितळी रीड (हवेने कंप पावून सूर देणारी पातळ पात) थकते आणि तिचा सूर उतरतो. गायकाची पट्टी बदलली की दुसरे वाद्य लागते, आणि एकाचे चार-पाच कधी होतात ते कळतही नाही.

बारा छिद्रांच्या क्रोमॅटिकमध्ये 48 रीड असतात आणि बाजूची कळ दाबली की सूर अर्धस्वराने चढतो, त्यामुळे एकाच वाद्यावर सर्व पट्ट्या वाजवता येतात. त्याची किंमत मात्र डायटोनिकच्या कितीतरी पट असते, आणि देखभालही नाजूक असते. थंड वाद्यात श्वासातल्या वाफेचे पाणी होते, रीडवरचे पातळ पडदे चिकटतात आणि सूर फुटण्याआधी फट्‌ असा आवाज येतो. म्हणून वाजवण्यापूर्वी वाद्य हातात धरून कोमट करावे लागते. गोड खाऊन चूळ न भरता वाजवले, तर कळ अडकू लागते. दुरुस्तीसाठी जाणकार सहजी मिळत नाही. स्वतः शिकायचे, तर रीडच्या टोकाशी किंचित खरवडल्यास सूर चढतो आणि ती जिथे ठोकून बसवलेली असते त्या रिव्हेटपाशी खरवडल्यास उतरतो, एवढ्या ज्ञानापासून सुरुवात होते, आणि त्या सरावात एखादी रीड हमखास बळी जाते.

ट्रेमोलो या तिसऱ्या प्रकाराचा नाद मधुर असतो; पण प्रत्येक सुराला किंचित फरकाने लावलेल्या दोन रीड असल्याने सूर लावण्याचे काम दुप्पट होते.

माझ्या मते ब्लूज या अमेरिकी संगीतशैलीची ओढ असलेल्याने डायटोनिकच घ्यावा, कारण बेंडिंगचा तो कस क्रोमॅटिकवर तसा उतरत नाही. गाणी हुबेहूब वाजवायची असतील, तर क्रोमॅटिकचा एकदाच होणारा मोठा खर्च अखेरीस परवडतो. दोन्हींत अगदी स्वस्त वाद्य मात्र टाळावे: त्यातून हवा गळते, आणि शिकणारा दोष स्वतःच्या श्वासाला देत राहतो.