स्टिक घ्यावी की खोकं? कन्सोलचा गेम लाइव्ह दाखवताना

कन्सोलवरचा गेम यूट्यूबवर लाइव्ह दाखवायचं मनावर घेतलं की हा प्रश्न येतोच. कन्सोलचं चित्र आणि आवाज लॅपटॉपमध्ये आणणारी हजार-बाराशेची एचडीएमआय कॅप्चर स्टिक घ्यायची, की तेच काम करणारं पंधरा हजारांच्या घरातलं यूएसबी ३.० चं खोकं, ज्यातून टीव्हीकडे वेगळी एचडीएमआय वायर जाते? मी दोन्ही वापरली आहेत. स्टिक आठ महिने वापरली, खोक्याला आता दोन वर्षं होत आली. मी पीएस४ (प्लेस्टेशन ४) वर क्रिकेट खेळतो आणि मराठीत कॉमेंट्री करतो. माझ्या कामात निम्मा जीव आवाजात आहे, त्यामुळे माझं मत कुठे झुकतं ते त्या हिशेबानं घ्या.

जे पीसीवरच खेळतात त्यांना यातलं काहीच लागत नाही, लाइव्ह दाखवायचं आणि रेकॉर्ड करायचं ओबीएस हे सॉफ्टवेअर पुरतं. मोबाइलवाल्यांनी आधी आपल्या फोनच्या टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडतं का ते बघावं. मध्यम किमतीच्या बऱ्याच फोनमधून ते पडत नाही, आणि मग कॅप्चर कार्ड (म्हणजे स्टिक किंवा खोकं) कितीही भारी घेतलं तरी पडदा काळाच राहतो.

कन्सोलमधलं रेकॉर्डिंग का नको, असंही विचारतात. छोट्या कामाला ते ठीक आहे. पीएस४ शेवटची १५ मिनिटं जपून ठेवतो, सेटिंग बदललं तर ६०. तिथून थेट यूट्यूबवर प्रक्षेपणही करता येतं. निन्टेन्डोचा जुना स्विच मात्र फक्त शेवटचे ३० सेकंद देतो. मला पडद्यावर मराठी धावफलक हवा होता आणि अख्खा सामना चांगल्या प्रतीत साठवून ठेवायचा होता, म्हणून कार्डाकडे वळलो.

स्टिक पुण्यात तपकीर गल्लीतून आणली. तिला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. लॅपटॉपला लावली की वेबकॅमसारखी ओळखली जाते, ड्रायव्हर लागत नाही, मॅक आणि लिनक्सवरही चालते. पीएस४ च्या सिस्टिम सेटिंगमध्ये जाऊन एचडीसीपी (चित्राची नक्कल होऊ न देणारं कुलूप) बंद करावं लागतं, नाहीतर काळा पडदा. पण ते खोक्यालाही तितकंच लागू आहे.

चित्राचं म्हणाल तर स्टिक यूएसबी २.० वर चालते, म्हणजे सेकंदाला कागदावर ४८० मेगाबिट. १०८०पी चं ६० फ्रेमचं न दाबलेलं चित्र साधारण २,००० मेगाबिट मागतं. तेवढं त्या नळीतून जाणार कसं? म्हणून स्टिक प्रत्येक फ्रेम जेपीईजीसारखी दाबून पाठवते. ओबीएसमध्ये व्हिडिओ फॉरमॅट चुकून वायुवाय२ (न दाबलेलं चित्र) राहिला, तर हेच चित्र सेकंदाला ५ फ्रेमवर येतं. बरेच जण तिथेच स्टिक बिघडलेली समजून परत करतात. एमजेपीईजी (दाबलेलं चित्र) निवडा, सुरळीत चालेल. कॅमेरा सीमारेषेकडे वेगानं वळला की हिरवळ जराशी चिकट, चट्टे पडल्यासारखी दिसते. पण पुढे यूट्यूबही चित्र दाबतंच, त्यामुळे मोबाइलवर बघणाऱ्याला हा फरक फारसा कळत असेल असं मला वाटत नाही. डब्यावरचं ‘४के’ मात्र मनावर घेऊ नका. तेवढा सिग्नल ती आत घेते, बाहेर देते तो १०८०पी.

दुसरी अडचण उशिराची. स्टिकला टीव्हीकडे जाणारा मार्ग नसतो, आणि ओबीएसच्या खिडकीत बघून बॅटिंग करणं अशक्य आहे. बटण दाबेपर्यंत चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात गेलेला असतो. मी पाचशे रुपयांचा एचडीएमआय स्प्लिटर लावला, एक वायर टीव्हीला, एक स्टिकला. प्रश्न मिटला. इथपर्यंत खोक्यासाठी तेरा-चौदा हजार जास्त घालायचं काही कारण मला दिसत नव्हतं.

मग एका रविवारी लाइव्ह चालू असताना कराडहून मामेभावाचा फोन आला. म्हणाला, “दादा, तू ‘गेला!’ म्हणतोस तेव्हा बॉल अजून बॅटला लागलेला नसतो. आधी असं नव्हतं, आता होतंय.”

रात्री रेकॉर्डिंग लावून बसलो. माझ्या माइकमध्ये टीव्हीचा आवाजही थोडा शिरत होता, म्हणजे बॅटचा आवाज दोन वाटांनी येत होता: एक स्टिकमधून आणि एक माइकमधून. पहिल्या षटकात एकच ‘टक’. दहाव्या षटकाच्या आसपास त्या ‘टक’ला किंचित शेपूट फुटलं. अठराव्या षटकात स्वच्छ ‘टक-टक’ ऐकू येत होतं, एकाच चेंडूला बॅट दोनदा लागल्यासारखं. हेडफोन घातला तर दुसरा टक गेला असता, पण माझा आवाज चित्राच्या पुढे धावायचा तो धावलाच असता.

कारण कळायला मला वेळ लागला. स्टिक आणि यूएसबी माइक, दोघंही सेकंदाला ४८,००० वेळा आवाज मोजतात, पण आपापल्या घड्याळावर. त्या दोन घड्याळांत दहा हजारांत एकाचा फरक असला तरी तासाभरात ०.३६ सेकंद साठतात. गाणं ऐकणाऱ्याला ते जाणवणार नाही. कॉमेंट्री ऐकणाऱ्याला जाणवतं, कारण तो शब्द आणि फटका एकत्र येण्याची वाट बघत असतो. ओबीएसमध्ये आवाज मागे-पुढे सरकवायला मिलिसेकंदांचं सेटिंग आहे, पण ते सुरुवातीला लावून द्यायचं असतं. अंतर ठरावीक असेल तर उत्तम, दर षटकाला वाढत असेल तर कुठला आकडा लावणार? शेवटी दर पाच षटकांनी स्टिकचा सोर्स बंद करून पुन्हा चालू करायला लागलो. तेवढ्यानं आवाज जागेवर यायचा, पण पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि सामन्याचा रंग जायचा. रंगात आलेलं षटक आपणच तोडायचं, हे मला शेवटपर्यंत सहन झालं नाही. सगळ्यांच्या स्टिक असंच करतात असं मी म्हणणार नाही. अर्ध्या तासाचे व्हिडिओ करणाऱ्या माझ्या एका मित्राला हे कधी जाणवलंसुद्धा नाही.

खोकं मी या एका कारणासाठी घेतलं, आणि निवडतानाही एकच गोष्ट बघितली: त्याला हेडसेटच्या माइकसाठी साडेतीन मिलिमीटरचा जॅक आहे का. माइक सरळ खोक्यात खोचला की माझा आवाज आणि गेमचा आवाज एकाच यंत्रात, एकाच घड्याळावर मोजले जातात आणि चित्रासोबत एकाच वायरीनं लॅपटॉपमध्ये येतात. वेगळं व्हायला जागाच उरत नाही. पहिल्याच तीन तासांच्या प्रक्षेपणात मी मुद्दाम टीव्हीचा आवाज मोठा ठेवला आणि नंतर शेवटचं षटक ऐकलं. एकच टक. दोन वर्षांत दुसरा ऐकू आलेला नाही.

म्हणून एक सांगतो, नुसतं महाग खोकं घेतल्यानं हे सुटतं असं समजू नका. जॅक नसलेलं खोकं घेऊन बाजूला यूएसबी माइक लावलात, तर दोन घड्याळं तिथेही आहेतच. काही खोक्यांवर जॅक असतो, पण तो ‘लाइन इन’ असतो. त्याला हेडसेटचा माइक थेट चालत नाही, मध्ये छोटा मिक्सर लागतो. दुकानात हे विचारून घ्या, डब्यावर बारीक अक्षरात असतं.

बाकी फायदे आपोआप मिळाले. टीव्हीवर उशीर जाणवत नाही, स्प्लिटर निघाला, हिरवळ हिरवळीसारखी दिसू लागली. त्रासही आहेत. खोकं निळ्या यूएसबी ३.० पोर्टातच लावावं लागतं, लांब वायर किंवा साधा हब चालत नाही. माझ्या खोक्याला वीज लॅपटॉपकडून मिळते, म्हणून लॅपटॉप बंद केला की टीव्हीचं चित्रही जातं. घरात दुसरं कोणी खेळायला बसलं की “दादा, टीव्ही गेला” अशी हाक येते. मग मी ती वायर मोबाइलच्या चार्जरला लावून देतो. आणि कार्ड कुठलंही असो, ओबीएसमध्ये रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाइल-प्रकारात ठेवा. लाइट गेली किंवा लॅपटॉप अडकला, तर एमपी४ फाइल बहुतेक उघडतच नाही. एमकेव्हीमध्ये त्या क्षणापर्यंतचा सामना शाबूत राहतो, आणि नंतर ओबीएसमधूनच तिची एमपी४ करता येते.

तुम्ही गप्पा मारत वीस-तीस मिनिटं खेळणार असाल, किंवा हे आपल्याला जमेल का एवढंच बघायचं असेल, तर स्टिक आणि स्प्लिटर घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. पण बोलणं हाच ज्यांच्या प्रक्षेपणाचा गाभा आहे आणि जे तास-दोन तास सलग बसतात, त्यांनी जमल्यास दोन-तीन महिने थांबावं, पैसे साठवावेत आणि माइकचा जॅक असलेलं खोकं घ्यावं, असं मला वाटतं.

माझी स्टिक सध्या कराडला मामेभावाकडे आहे. तो कुस्तीचा गेम खेळतो आणि एकेक लढत वेगळी रेकॉर्ड करतो. त्याच्याकडे आवाज आणि चित्राचा मेळ एकदाही सुटलेला नाही.