जुनी लोखंडी बनवून घ्यायची का नवी गिअरवाली?

भाचा विचारून राह्यला, आजोबांची २८ इंची काळी सायकल बनवून घेऊ का अ‍ॅल्युमिनियमची हायब्रिड (रोड अन् माउंटन बाइकच्या मधली गिअरवाली सायकल) घेऊ. माझ्याकडे दोन्ही आहेत म्हणून सांगतो भाऊ. फ्रेम घरची असली तरी रंग, रिम, चेन, बेअरिंग करता करता माझे ७ हजार गेले, नवी त्याच्या दुप्पट-तिप्पट पडते. टिकाऊपणात मात्र लोखंडच, पाइप तडकला तर गल्लीतला वेल्डर जोडून देतो, अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंगच्या जागी मऊ पडतं, ताकद परत आणायला भट्टी लागते, ते इथे कोण करणार. फक्त सीटच्या दांडीला ग्रीस लावत जा, माझी आतच गंजून बसली होती, दोन दिवस तेल सोडून ठोकून काढली. आणि दिसणं! काळ्या रंगावर पेंटरने ब्रशने सोनेरी रेघ ओढली ना, आपल्या नागपुरात फुटाळा तलावावर उभी केली की लोक हात लावून बघतात. पण वजन वीसेक किलो, सेमिनरी हिल्सच्या चढावर जीव जातो, तिथे गिअरच पाहिजे. रामटेकपर्यंत लांब जायचं असेल तर हायब्रिड घे, रोजचं शहरातलं बर्डी-धरमपेठ अन् हौस असेल तर आजोबांचीच बनव.