एफ-ड्रॉइड: डबा सीलबंद, पण वांगं कुणी बघितलं?
जळगावात दोन वर्षं एफ-ड्रॉइड (अँड्रॉइडसाठी ओपन सोर्स अ‍ॅपचं दुकान) वापरतोय, जाहिराती नाही, अकाउंट नाही, मस्त. काही अ‍ॅप रिप्रोड्युसिबल आहेत, म्हणजे त्याच सोर्सवरून (मूळ कोडवरून) कुणीही बिल्ड केलं, म्हणजे अ‍ॅप बनवलं, तरी बाइट न् बाइट तेच निघतं. रविवारी एक करून बघितलं, लॅपटॉप भरताच्या वांग्यासारखा तापला, पण डेव्हलपरची सही सोडून बाकी सगळं जुळलं, भारी वाटलं. पण यातून एवढंच कळतं की मधे कुणी डबा बदलला नाही, सोर्समधेच कीड असेल तर कीडही हुबेहूब तीच येणार ना भो. २०२४ चं एक्सझेड (लिनक्सवरचं फाइली दाबून लहान करणारं टूल) आठवा, आवृत्ती ५.६.० आणि ५.६.१, बॅकडोअर (चोरदरवाजा) रिलीजच्या टारबॉलमधेच, म्हणजे सोर्सच्या गठ्ठ्यातच होता. आणि कंपायलरच (कोडचं अ‍ॅप बनवणारा प्रोग्रामच) खोटारडा निघाला तर? युनिक्सवाल्या केन थॉम्प्सनने हा धोका १९८४ लाच सांगून ठेवलाय. चार स्टार, एक कापला कारण कोड कुणी वाचलाय हे अ‍ॅपच्या पानावर दिसत नाही.