अकरा महिने, एक बुश आणि सगळ्या वाडीला पाठ झालेली कुरकुर

दसऱ्याच्या आदल्या रविवारी माझ्या फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेल्या) सायकलवरून रत्नागिरीजवळचा आरे-वारेचा चढ चढत होतो आणि मागचं चाक एकदम वेगळ्याच दिशेला जायला बघायला लागलं. आधी वाटलं पंक्चर. उतरून टायर दाबला, तर हवा टंच. मग सीट धरून मागचं चाक हलवलं, तर अख्खा मागचा सांगाडा डावी-उजवीकडे चांगला बोटभर हलला. चढावर ढकलत आणि उतारावर जीव मुठीत धरून घरी पोचलो, साडेतीन तास लागले. तर हा अनुभव त्या तापल्या डोक्याने लिहायला घेतला होता. नंतर बरंच काही घडलं, म्हणून आधी लिहिलेलं निम्मं खोडलंय.

२१ गिअर, २६ इंची चाकं, दोन्हीकडे वायरवाले डिस्क ब्रेक, लोखंडी फ्रेम, मागे उघडी स्प्रिंग. या किमतीतल्या (मी १४,५०० ला घेतली) सगळ्या फुल सस्पेन्शन सायकली इथून तिथून सारख्याच असतात, त्यामुळे ते उगाळत नाही. वजन मात्र सांगतो, कारण ते जाहिरातीत कुणी छापत नाही. मे महिन्यात कॅनिंगवाल्याच्या आंबे मोजायच्या काट्यावर चढवली, १८ किलो ६०० ग्रॅम भरली. काट्यावरचा पोरगा म्हणाला, “किलोला भाव काय लावू?”

घेतली का, तर हिशोब सोपा होता. १४,५०० रुपयांत पुढे एकच शॉक असलेली सायकलही मिळत होती आणि दोन शॉकवालीही. जास्तीचा शॉक फुकट पडतोय असं वाटलं. फुकट काही नसतं. मागच्या शॉकचे पैसे त्यांनी हबमधून (चाकाचा मधला तुंबा), ब्रेकमधून आणि मुख्य म्हणजे त्या एका बुशमधून (मागचा सांगाडा हलतो त्या सांध्यातली छोटी नळी) वळते करून घेतलेत. हे कळायला मला पावसाळा लागला.

पहिले दोन महिने मागचा शॉक हा निव्वळ दागिना वाटत होता. मी ५८ किलोचा. दुकानदाराने स्प्रिंगवरची चकती पार आवळून दिलेली, त्यामुळे मी बसलोय हे स्प्रिंगला कळतच नव्हतं. चकती सैल केली तर डांबरी चढावर प्रत्येक पेडलला बूड खाली-वर. पायातली निम्मी ताकद स्प्रिंग दाबण्यातच जायची. वर त्या शॉकच्या आत तेलबिल काही नाही. खड्ड्यात दाबली गेली की स्प्रिंग तशीच उलटी फेकते. भाट्याच्या पुलाकडून पावसकडे जाताना एका गतिरोधकावर मी सीटवरून असा उडालो की मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने हॉर्न न वाजवता टाळी वाजवली.

मत बदललं ते जानेवारीत. आमची आंब्याची कलमं सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहेत. मोहोर बघायला, फवारणीवाल्यांवर लक्ष ठेवायला रोज जावं लागतं. शेवटचा दीड किलोमीटर रस्ता नाहीच, उघडा जांभा आहे. ज्यांनी कातळावर सायकल घातलीय त्यांना माहीत आहे, जांभा म्हणजे नुसता दगड नाही, भोकाभोकांचा खरवडा आहे. जुन्या सायकलवर त्या दीड किलोमीटरात दात वाजायचे आणि कंबर दुपारपर्यंत बोलत राहायची. या सायकलची चकती साडेतीन आटे सैल सोडली (कुठवर सोडायची तिथे बहिणीच्या नेलपॉलिशची लाल खूण केलीय) आणि कातळ अक्षरशः सपाट झाला. डांबरावर आवळायची, सड्यावर सोडायची, हाताने अर्ध्या मिनिटाचं काम. एका रविवारी उक्षीच्या कातळशिल्पापर्यंत जाऊन आलो, कंबरेने चकार शब्द काढला नाही. तेव्हा हे लिहिलं असतं तर डोळे मिटून घ्या म्हटलं असतं.

कॅरिअरचं दुःख थोडक्यात उरकतो. मागचा सांगाडा हलता असल्यामुळे नेहमीचं कॅरिअर बसत नाही. सीटच्या दांड्याला चिमट्याने लटकतं ते घेतलं. दोन नारळ आणि किलोभर बांगडे ठेवले, तर वळणावर ते पिशवीसकट फिरून माझ्या मांडीला टेकलं. आता पाठीवर सॅक.

मग जून आला.

पहिला जोराचा पाऊस झाला आणि चौथ्या दिवशी कुरकुर सुरू झाली. कुर्रर्र, कुईं. कुर्रर्र, कुईं. प्रत्येक पेडलला एकदा. चेनला तेल घातलं, सीटच्या स्प्रिंगांना घातलं, पेडल काढून घातलं. आवाज आपला तसाच. शेवटी भाच्याला सायकलवर बसवून मी खाली कान लावून चाललो, तेव्हा सापडलं. मागचा सांगाडा जिथे मुख्य फ्रेमला बोल्टने जोडलाय, त्या सांध्यातून येत होता. गंज घालवायचा स्प्रे मारला तर तासभर शांतता आणि नंतर दुप्पट आवाज, कारण आत जे काय चिमूटभर ग्रीस होतं तेही स्प्रेने धुऊन नेलं. खोबरेल घातलं, दोन दिवस टिकलं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पाऊस नसतो तेव्हा खारा वारा. त्या सांध्याला उसंत कधी मिळायची?

या कुरकुरीवर मी जरा जास्तच लिहितोय हे मान्य आहे. ब्रेक बरे आहेत, गिअर तिसऱ्या महिन्यात एकदा लावून घेतले, त्यावर मला दोन ओळीही सुचत नाहीत. पण हा आवाज चार महिने ऐकलाय. वाडीच्या तोंडाशी मी पोचलो की आई चहाचं आधण ठेवायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, “आला गो तुझा बैलगाडीवाला.” पहाटे कलमांत जाताना कुत्रे आधी उठायचे आणि मग माणसं.

ऑगस्टमध्ये दुकानात गेलो. पहिला प्रश्न, “पावसात चालवलीत का?” अहो, रत्नागिरीत सायकल विकता आणि हे विचारता? मग कंपनीच्या नंबरवर फोन. व्हिडिओ पाठवा म्हणाले, पाठवला. आवाज नीट येत नाही म्हणाले, परत पाठवला. नऊ दिवसांनी उत्तर आलं: फ्रेमला वॉरंटी आहे, बुश झिजणारा भाग आहे, त्याला नाही. बरं, मग बुश विकत द्या. सुटा मिळत नाही, सगळा संच घ्यावा लागेल, २,२०० रुपये अधिक कुरिअर. बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या दोन नळ्यांसाठी! मी फोन ठेवला आणि ऑक्टोबरपर्यंत तशीच रेटली. ही माझी चूक. आवाज म्हणजे झीज, हे समजत असूनही २,२०० वाचवत बसलो, आणि आरे-वारेला त्याची फेड झाली.

मधल्या काळात माउंटन बाईकबद्दल बरंच वाचून काढलं. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही पोरांनी जुन्या जाडजूड सायकली डोंगरावरून खाली सोडायच्या शर्यती सुरू केल्या. उतारभर ब्रेक दाबून मागच्या हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर हब खोलून नवीन भरावं लागायचं. त्यावरून त्या उताराचं नावच ‘रीपॅक’ पडलं. म्हणजे या प्रकाराच्या जन्मापासून ग्रीस भरत बसणं आलंच. फक्त त्यांचा हब खोलता येत होता. माझा बोल्ट गंजून असा बसलेला की पाना घसरत होता.

शेवटी मिरकरवाड्याजवळ बोटींच्या इंजिनांची कामं करणारे एक चाचा आहेत, त्यांच्या लेथवर सायकल नेली. रात्रभर बोल्ट रॉकेलमध्ये भिजवला, सकाळी दोन ठोके आणि लांब दांड्याचा पाना. निघाला. आतला प्लास्टिकचा बुश बघून चाचा हसले. गोल भोक अंड्यासारखं झालेलं. व्हर्नियर लावला, तर एका बाजूने १२, दुसऱ्या बाजूने जवळजवळ १३.

“कशात करू? नायलॉन की गनमेटल?”

गनमेटल म्हणजे तांबं-कथलाचा एक मिश्रधातू. मी विचारलं स्वस्त काय. चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. “नायलॉन पाणी पितो, फुगतो. सैल ठेवावा लागतो, मग परत हलणार. गनमेटल कर. पण ग्रीस नाही घातलंस तर हा पण ओरडेल, सांगून ठेवतो.”

गनमेटलच्या रॉडचा एक तुकडा बांधला आणि वीस मिनिटांत दोन पिवळेधमक बुश माझ्या तळहातावर, अजून गरम. आत ग्रीस राहावं म्हणून बारीक खाचही पाडून दिली, जी कंपनीला सुचली नव्हती. बोल्ट स्टेनलेसचा टाकला, होडीवाले वापरतात ते चिकट ग्रीस बोटाने भरलं. दोन बुशांचे १८०, बोल्टचे ६०, ग्रीसचे घेतले नाहीत. एकूण २४०.

या गोष्टीला पाच आठवडे झाले. मध्ये दोनदा अवकाळी सरी येऊन गेल्या. सायकल गप्प आहे. पहिल्या दिवशी घरी आलो, सायकल पडवीत लावली, पाय धुतले, आणि आई आतून बाहेर येऊन दचकली. “कधी आलास?” चहा अर्थातच तयार नव्हता.

सीटची अॅल्युमिनियमची दांडी लोखंडी फ्रेममध्ये खाऱ्या हवेने घट्ट बसलीय, ती वर-खाली होत नाही. माझ्या उंचीला बसतेय तोवर हात लावणार नाही. नवीन घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी ती बाहेर काढून ग्रीस लावून परत घालावी. आणि सांध्याचा बोल्ट पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा खोलावा, नंतर तो खोलू देत नाही.

डांबरावरच चालवायची असेल तर पुढे एकच शॉक असलेली घ्या, वजनही कमी ओढाल. सड्यावर, पाणंदीतून रोजची ये-जा असेल तर हीच. फक्त किमतीत २४० रुपये आधीच धरून चला.

माझ्या बुशाचं माप: बाहेरून १६ मिलिमीटर, आतून १२, लांबी २२. तुमच्या सायकलचं वेगळं असू शकतं, तेव्हा आधी खोलून मोजा आणि मग लेथवर जा.