रील द्यू पाँद्यू: आठ महिने, तीन तुटलेल्या तारा

परवा रात्री व्हायोलिनची डीची तार फाडकन तुटली आणि तिचं टोक करंगळीला लागलं. आठ महिन्यांतली ही तिसरी, म्हणून लिहायला बसले. चार महिन्यांपूर्वी लिहिलं असतं तर नुसती शिवीगाळ झाली असती.

‘रील द्यू पाँद्यू’ ही धून कदाचित ऐकली असेल. कॅनडातल्या क्वेबेकची, ए मेजर या पाश्चात्त्य स्वरसप्तकातली, ‘फाशी दिलेल्याचा रील’; रील म्हणजे एका जलद नाचाची धून. इथे माँट्रियलला ‘द्यू’चा उच्चार ‘द्झ्यू’ होतो, तेवढं सांभाळा, नाहीतर तोंड उघडताच पाहुणे ठरता. गोष्टही ऐकली असेल: फासावर जाणाऱ्याला सांगितलं, व्हायोलिनवर काहीतरी वाजवून दाखव, सोडून देतो. कोणी सांगतं, त्याने जन्मात गज धरला नव्हता. कोणी सांगतं, हातात दिलेलं वाद्य बेसूर होतं आणि पठ्ठ्याने त्याच बेसूर तारांवर ही धून बसवली. मला दुसरी पटते, कारण माझं सगळं भांडण तारांशीच आहे.

नेहमीच्या जी-डी-ए-ईऐवजी इथे ए-ई-ए-सी शार्प लावायचं. खालच्या दोन तारा एकेक स्वर चढवायच्या, तिसरी तशीच, वरची ई तीन अर्धस्वर उतरवायची. सांगायला सोपं. पण तार एक स्वर चढवली की तिच्यावरचा ताण साधारण २६ टक्के वाढतो, आणि उतरवलेल्या ईचा तीसेक टक्के कमी होतो. तारा ज्या लाकडी पुलावर टेकतात त्या घोडीच्या एका खांद्यावर पोतं, दुसरा मोकळा. पहिल्या महिन्यात खुंट्या सरकायच्या. खडू लावला, थांबल्या. दुसऱ्या महिन्यात पाहते तर घोडी पुढे झुकलेली. नशीब, पडायच्या आत दिसली.

तुटलेली पहिली तार घेऊन दुकानात गेले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, “डीची तार तुम्ही ईपर्यंत ओढलीत, आम्ही काय बदलून देणार?” मी म्हटलं, अहो, तुमच्याच गावची धून आहे, ती वाजवणारे काय करतात मग? “ते नवीन तार विकत घेतात,” तो म्हणाला. चौदा डॉलर. दिले. अजून जळतात.

मग चिडून ठरवलं, तारा हलवायच्याच नाहीत. साध्या लावणीतही, म्हणजे तारा नेहमीसारख्या लावूनही, ही धून वाजते, वाजवणारे बरेच आहेत. दोन महिने मीही तसंच केलं आणि ‘ती लावणी म्हणजे निव्वळ नखरा’ असं मैत्रिणीला कळवूनही टाकलं. ते शब्द मागे घेते. साध्या लावणीत स्वर सगळे सापडतात, पण शेजारची मोकळी तार गजाखाली आली की ती भलतंच बोलते. सी शार्पच्या लावणीत चारही तारा ए मेजरच्याच. गज चुकून दुसऱ्या तारेला घासला तरी सुरातच घासतो. कधीही न वाजवलेला माणूस सुटला असेल तर याच्याच जिवावर.

आणि मग आईचा व्हिडिओ कॉल. मी तारा लावत होते. मिरजेहून ती म्हणते, “काय गं, तंबोरा लावतेयस?”

ए म्हणजे सा धरा. सा-प-सा-ग! लहानपणी मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून सरांकडे शिकले तेव्हा तारा सा-प-सा-प होत्या. हा रील ए-ई-ए-ई लावून वाजवणारेही आहेत, म्हणजे हुबेहूब तेच. फरक फक्त वरच्या तारेचा, आणि तिथे गंधार. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यात जो न छेडता ऐकू येतो, तो या लोकांनी चक्क तारेवर बांधून टाकलाय. एवढे महिने मी त्याला परकी कटकट म्हणत होते.

बरं, ही लावणी एकट्या क्वेबेकची नाही. अमेरिकेतल्या अपलाचियन डोंगरातले फिडलवाले (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) तिला ‘कॅलिको’ म्हणतात, ‘ब्लॅक माउंटन रॅग’ ही धून त्यातच वाजते. नॉर्वेत हार्डांगर नावाच्या तिथल्या फिडलवर हीच ‘ट्रोल’ लावणी. फासाखालचा वादकही एकटा नाही: स्कॉटलंडच्या बॅन्फला १७००मध्ये जेम्स मॅकफर्सनला फाशी दिलं, त्याने आधी फिडल वाजवली आणि मग मोडून टाकली असं सांगतात. तो मात्र सुटला नाही. रील हा प्रकारच मुळात तिकडून आलेला, गोष्टही बोटीतून आली असेल तर मला नवल नाही.

पाठांतराचं विचाराल तर कोणाचा पाठ घेताय ते आधी ठरवा. मी सुरुवात झाँ कारिन्याँपासून केली, हा मूर्खपणा. माँट्रियलला टॅक्सी चालवणारा हा माणूस, क्वेबेकच्या जोझेफ आलार या फिडलवाल्याकडे शिकलेला, शिवाय स्कॉटलंडचा स्किनर आणि आयर्लंडचा मायकल कोलमन या फिडलवाल्यांच्या तबकड्या ऐकून कान तयार केलेला. १९७४ला ऑर्डर ऑफ कॅनडा हा सन्मान मिळालेला. त्याचा गज बघून शिकणं म्हणजे राजधानी एक्स्प्रेस बघून सायकल शिकणं. भाग किती, यावरही एकमत नाही. कुठे तीन, कुठे पाच, आणि एखाद्या भागात एक मात्रा जादा. अशा धुनेला इथे ‘क्रोश’ म्हणजे वाकडी म्हणतात. मी बोटांवर मात्रा मोजत बसायचे. वादकांच्या बैठकीतले एक आजोबा म्हणाले, “मोजू नकोस, पाय चालू ठेव.” खुर्चीत बसून दोन्ही टाचांनी ठेका धरतात इथे. जमलं, पण खालच्या मजल्यावरून झाडूने छत ठोकायला सुरुवात झाली.

सध्याचा तोडगा: जुन्या बाजारातून सत्तर डॉलरची फिडल आणलीय, ती कायम सा-प-सा-ग. सारख्या वरखाली कराव्या लागत नाहीत म्हणून तारा टिकतील, असा हिशेब होता. परवाची तुटली ती हिच्यावरचीच.

नवी तार अजून पाकिटात आहे. आईचा फोन येऊन गेला की चढवेन.